उडी फाल्कबाईंची

१२ ऑगस्ट १९२६

खुनी माणसापासून जीव वाचवायला मी समुद्रात उडी मारायची — ठरलं! आईला अजून सांगितलेलं नाही.

झालं असं. इथं कुक्सहाफेनच्या मासळीबाजारात हेरिंग साफ करत होते, कोपरापर्यंत खवले. तेवढ्यात बर्लिनचा एक बुटका गृहस्थ नाकाला रुमाल लावून आत आला. "इथं पोहणारी मुलगी कोण?" सगळ्या बायकांनी एकदम माझ्याकडे सुऱ्या रोखल्या! "ती बघा, वीब्के हार्म्स. मासा व्हायची ती चुकून बाई झाली."

हे ओस्ट्राऊसाहेब, सिनेमाचे दिग्दर्शक. बंदरात ती जुनी तीन डोलकाठ्यांची बोट उभी आहे ना, तिच्यावर चित्रपट काढणार. गोष्ट अशी — बोटीवरचे प्रवासी एकेक करून नाहीसे होतात. कसे, ते कुणालाच कळत नाही. शेवटी एका तरुण बाईला समजतं की खुद्द कप्तानच त्यांना मारतोय! मग तो तिच्या मागे लागतो, ती डेकभर पळते, आणि पळायला जागाच उरत नाही तेव्हा कठड्यावरून खाली — धप्प!

त्या बाईचं काम सिडोनी फाल्क करणार. सिडोनी फाल्क! तंबाखूच्या दुकानात जिची चित्रं लावलेली असतात ती. त्यांना पोहता येत नाही, म्हणून ती धप्प तेवढी माझी.

१३ ऑगस्ट

आईला सांगितलं. ती धुरीच्या भट्टीत ईल मासे लटकवत होती. मागे वळलीसुद्धा नाही.

"समुद्राला तुझा बाप पुरला नाही वाटतं."

एवढंच. आणि पुढचा ईल आकड्याला लावला.

बाबांना पोहता येत नव्हतं. इथल्या जुन्या कोळ्यांपैकी कुणालाच येत नाही. "पोहणाऱ्याला मरायला जास्त वेळ लागतो," असं हसत म्हणायचे. त्यांना फारसा वेळ लागला नसणार. म्हणून तर मी पोहायला शिकले, आईची नजर चुकवून. आणि आई? ते गेल्यापासून ती किनाऱ्याच्या बंधाऱ्यापलीकडे पाऊल टाकत नाही.

१७ ऑगस्ट

आज पहिल्यांदा बोटीवर गेले. वाफेच्या होडीने आम्हाला ओढत बाहेर नेलं, थेट नदीच्या मुखापलीकडे, मागे किनारा दिसू नये म्हणून. लाटा म्हणाव्या तर काहीच नव्हत्या. आणि फाल्कबाई — बादलीत तोंड घालून बसलेल्या!

मी समोर उभी. त्यांनी मान वर केली. चेहऱ्याला तो सिनेमाचा पिवळा रंग, आणि त्याच्या आत माणूस हिरवा पडलेला.

"तू माझी उडी का?"

"हो, बाई."

"किनारा कोणत्या बाजूला आहे गं? मला तिकडंच तोंड करून ओकू दे."

मी हसले. त्याही हसल्या, मग पुन्हा बादली. आणि साहेबांनी कर्ण्यातून हाक मारल्याबरोबर उठल्या, तोंड पुसलं, कॅमेऱ्यासमोर गेल्या. त्यांना एका बंद दाराला कान लावून उभं राहायचं होतं. आत कुणीतरी मरतंय, आवाज येतोय. दारामागे काय होतं? रिकाम्या बरण्या! आवाज कसला नि काय कसला! पण बाईंचे डोळे हळूहळू असे काही मोठे होत गेले! मी खरंच कानोसा घेतला.

मग "बस्स!" आणि परत बादली.

१८ ऑगस्ट

खुनी कप्तानाशी ओळख झाली. क्रॉइट्झकाका. (सगळे काकाच म्हणतात.) सहा फूट उंच, भुवया घासणीसारख्या. कॅमेऱ्यासमोर नुसते जिन्यावरून उतरले तरी माझं पाऊल आपोआप मागे सरकतं. बाकी वेळ पेपरमिंट चघळतात नि सीगल पक्ष्यांना घाबरतात! आज एकाने त्यांचा पावाचा तुकडा पळवला तर केवढे किंचाळले. "वीब्के, हाकल त्याला! हाकल! माझ्याकडेच बघतोय तो!"

२१ ऑगस्ट

आज बाईंनी मला कोपऱ्यात बोलावलं.

"पाण्यात पडलेल्या माणसाला आधी काय वाटतं?"

"थंडी."

"मग?"

"मग... मला तर बरं वाटतं, बाई."

"शी! तू काही कामाची नाहीस!" म्हणाल्या. मग हळू आवाजात — साहेबांना उडीनंतर पाण्यात बाईंचा चेहरा हवाय. जवळून. अगदी बोटीला लागून, कमरेला दोरी बांधून. पण पाणी तोंडाला लागलं की त्यांचा श्वास कोंडतो. तर मी त्यांना शिकवावं. पोहायला नाही, नुसतं पाण्यात राहायला. कुणाला न सांगता.

"लहानपणी काही झालं होतं का, बाई?"

"काही झालं नव्हतं. कुणी बुडालं नाही, कुणी ढकललं नाही. नुसती भीती वाटते. लोकांना नेहमी कारण हवं असतं, आणि माझ्याकडे ते नाही. म्हणून कुणाला सांगत नाही."

मला हे बोलणं फार आवडलं. का ते कळत नाही.

२३ ऑगस्ट

सकाळची भरती. पलीकडच्या खाडीत, स्नानाच्या लाकडी खोल्यांमागे. बाई घोट्यापर्यंत आल्या आणि खांबासारख्या उभ्या राहिल्या. पुढे नाही, मागे नाही. दात वाजतायत. शेवटी मी म्हटलं, आज एवढंच पुरे. तर म्हणाल्या, "पुरे काय! अजून घाबरून झालेलं नाही माझं."

गुडघ्यापर्यंत आल्या.

२६ ऑगस्ट

गळ्यापर्यंत! माझ्या मानेला अशी मिठी मारली की मीच बुडते की काय वाटलं.

२८ ऑगस्ट

पाठीवर तरंगायला शिकवतेय. मी खालून हात धरते. "तोंड बंद, डोळे आभाळात, पोट वर." बाई स्वतःशी पुटपुटतात, "तोंड बंद, डोळे आभाळात, पोट वर. माझ्या सगळ्या दिग्दर्शकांनी मला हेच सांगितलंय."

हसता हसता दोघींच्या नाकात पाणी गेलं.

बाजारातल्या बायका विचारतात, ती नटवी कशी आहे गं, नाकाने कांदे सोलते का? मी म्हटलं, नाही. रोज ओकते, आणि रोज येते. त्यांना वाटलं मी टिंगल करतेय. मी टिंगल नव्हते करत.

२ सप्टेंबर

माझी उडी झाली. म्हणजे तीनदा झाली. आणि तिन्ही वाया!

बाईंचा पांढरा पोशाख, तसेच केस, सगळं चढवलं. बोट नांगरलेली, खाली होडीत माणसं तयार. क्रॉइट्झकाका मागून चाकू घेऊन धावत आले. मी कठड्यावर चढले आणि घेतली उडी. वर आले तर साहेब कर्ण्यातून ओरडतायत, "पोरी, मागे खुनी आहे! तुला सूर मारण्याचं बक्षीस नाही मिळवायचं!"

दुसऱ्यांदा हात वेडेवाकडे केले. "पाय! पाय सरळ झाले!" तिसऱ्यांदा पायही वेडेवाकडे केले, तर म्हणाले की आता बेडूक उडाल्यासारखं दिसतं.

काय करू? हवेत गेले की अंग आपोआप नीट होतं. पाणी दिसलं की मला आनंदच होतो! तो कसा लपवायचा? रडू आलं. ओल्या पोशाखात जिन्यावर बसून मुसमुसत होते. कॅमेरावाले वेन्झेल स्वतःच्या फ्लास्कमधली रम घातलेली गरम कॉफी देऊन गेले.

बाई येऊन शेजारी बसल्या. मग साहेबांना हाक मारली.

"ओस्ट्राऊ, या मुलीला भीतीच वाटत नाही हो. कुठून दाखवणार ती? मला वाटते. मी मारते उडी."

साहेब हसले. कुणीच हसलं नाही म्हणून थांबले. "वेड लागलंय का? कंपनी माझं मुंडकं उडवेल. तुमचा विमा—"

"मग कंपनीला सांगू नका."

३ सप्टेंबर

माझं आणि बाईंचं भांडण झालं. हो, भांडण! सिडोनी फाल्कशी मी भांडले.

मी म्हटलं, तुम्हाला फक्त तरंगता येतं, तेही खाडीत. इथं ओहोटीची ओढ आहे, घागरा पाण्याने भरला की शिशासारखा होतो. तुम्ही मराल.

"तू खाली असशील ना?"

"असेन. पण ओढ मलाही लागतेच!"

"मग भरती-ओहोटीच्या मधली वेळ असते म्हणतेस ना, पाणी थबकतं ती. तेव्हा मारू."

"पण कशाला? कशाला एवढं? चार क्षणांचं चित्र!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या नव्हत्या. "वीब्के, मी सोळा वर्षांची असल्यापासून खोटं रडतेय, खोटी मरतेय. चांगली करते, मला माहीत आहे. पण ही बाई ज्या क्षणी उडी मारते, तो क्षण मला करून दाखवता येत नाही. मी प्रयत्न केला. आरशासमोर केला. तो खराच यावा लागतो."

दार आपटून निघून आले. घरी येऊन आईवर डाफरले. ती बिचारी ईल सोलत होती.

४ सप्टेंबर

दिवसभर पाऊस. शूटिंग नाही. बरं झालं. नाही, बरं नाही झालं. आत्ताच होऊन गेलं असतं तर सुटले असते.

६ सप्टेंबर

झालं.

पाणी थबकायची वेळ. ढग पांगलेले. मी होडीत, एक नावाडी वल्ह्यांवर. साहेबांनी सगळ्यांकडून शपथ घेतली की हे बोटीबाहेर जायचं नाही. क्रॉइट्झकाकांनी तर पेपरमिंटच्या डबीवर हात ठेवून घेतली.

बाई पळत आल्या. कठड्याला धरलं. आणि थांबल्या.

पळत येऊन उडी मारायचं ठरलं होतं. थांबायचं ठरलं नव्हतं! त्यांनी खाली पाहिलं. मला वाटलं, नाही जमत, परत फिरतील. मनात म्हटलं, फिरा, बाई, फिरा. त्यांनी मागे पाहिलं. पुन्हा खाली. तोंड थोडं उघडलं, जणू कुणाला तरी हाक मारणार. मग एक पाय वर, मग दुसरा, एखादी म्हातारी स्टुलावर चढते तशा चढल्या. आणि गेल्या. उडी नव्हतीच ती. नुसतं हात सोडून देणं.

मी होडीच्या काठावर पाय ठेवला.

पाण्यावर पांढरं फूल उमललं तसा घागरा उघडला, आणि मिटला. काही नाही. नुसते बुडबुडे. आणि पाणी थबकलेलं नव्हतं. वळलं होतं! आमच्या अंदाजाआधीच! होडी एकीकडे आणि बुडबुडे दुसरीकडे चाललेले.

मी उडी घेतली. कशी घेतली कोण जाणे, पाय नक्कीच वेडेवाकडे झाले असतील. खाली सगळं पिवळं-करडं, काही दिसेना. हात फिरवतेय, फिरवतेय, पाणीच पाणी. वर आले, श्वास घेतला. डेकवरून कुणीतरी जीव तोडून ओरडत होतं, "सिडोनी! सिडोनी!" क्रॉइट्झकाका. चाकू टाकून दिलेला, अर्धे कठड्याबाहेर.

आणि मग दिसल्या. बोटीच्या मागच्या टोकाला. पाठीवर. तोंड बंद, डोळे आभाळात, पोट वर. ओढ त्यांना नेतेय आणि त्या बाकावर झोपल्यासारख्या चालल्यायत! मी पोहत गेले, मानेखाली हात घातला. ओठ निळे पडलेले. डोळ्यांच्या कडांतून पाणी वाहत होतं. समुद्राचं की त्यांचं, माहीत नाही.

"जमलं का गं?" एवढंच विचारलं.

"जमलं, बाई."

होडीत ओढून घेतलं तेव्हा थरथरत माझ्या कुशीत शिरल्या. वर वेन्झेल अजून कॅमेऱ्याचा दांडा फिरवत होते. एकाच लयीत, न थांबता, आणि गालांवरून घळाघळा पाणी.

साहेब खाली बसले होते. डेकवरच, फतकल मारून. कर्णा मांडीवर. "परत कधी नाही," म्हणत होते, "परत कधीच कधीच नाही." दहादा म्हणाले असतील. मग मान वर करून, "वेन्झेल, मिळालं ना?"

वेन्झेल म्हणाले, "मिळालं."

९ सप्टेंबर

सिनेमावाले गेले. बाईंना रेल्वे स्टेशनवर पोहोचवायला गेले होते. आईने भाजलेले ईल बांधून दिले, स्वतःहून! ("एवढी ओकते म्हणतेस, तिच्या पोटात काही राहिलं पाहिजे.")

बाई म्हणाल्या, "कंपनी छापणार आहे की उडी कुक्सहाफेनच्या नामांकित जलपरीची. खुशाल हो म्हण. मिरव गावात."

"मला नाही जमणार ते."

"अगं, अभिनय कर!" आणि मला घट्ट धरून दोन्ही गालांचे पापे घेतले. गाडी हलल्यावर खिडकीतून ओरडल्या, "आता समुद्राची भीती कमी झाली का विचार!"

"झाली का?"

"अजिबात नाही!"

१२ फेब्रुवारी १९२७

चित्रपट गावात आला. बंदराजवळचं थिएटर खचाखच. मासळीबाजार अख्खा आलेला, उग्र वास सुटलेला, पियानोवाला सर्दीने शिंकतोय. आई आली नाही.

काय केलाय त्यांनी! मी तिथं होते, दारामागच्या बरण्यासुद्धा मला माहीत, तरी खुर्चीची कड धरून बसले. क्रॉइट्झकाका जिन्यावरून उतरले तेव्हा पुढच्या रांगेतली पोरं आयांच्या कुशीत लपली. आणि मग कठडा. बाई थांबतात, खाली बघतात. पियानोही थांबला. सगळ्या थिएटरात एक खोकला नाही. आणि मग त्या हात सोडून देतात.

लगेच कप्तानाचा चेहरा. साहेबांनी तो ठेवलाय! खुनी कठड्यावरून वाकून आक्रोश करतोय. हॅम्बुर्गच्या पेपरात आलंय की या एका क्षणात राक्षसाचा माणूस होतो, असा अभिनय आजवर झाला नाही. पडद्यावर आवाज नसतो, पण ओठ नीट पाहिले तर कळतं, तो "सिडोनी" म्हणतोय. गोष्टीत त्या बाईचं नाव भलतंच आहे. कुणाच्याही लक्षात आलेलं नाही!

मी रडत होते, तर मागून कुणीतरी ओरडलं, "आपली वीब्के!" आणि टाळ्या. उभे राहून टाळ्या. मला खांद्यावर घ्यायला निघाले. "मी नव्हे!" मी ओरडत होते, "ती मी नव्हे, त्यांनी स्वतः—" कोण ऐकतंय!

२० फेब्रुवारी

पोहण्याच्या मंडळाने माझा सत्कार केला. फुलं, केक, अध्यक्षांचं भाषण. मला राहवेना. शपथ गेली खड्ड्यात. उठून सरळ सांगितलं, "उडी माझी नाही. फाल्कबाईंची आहे. त्यांना पोहता येत नाही, पाण्याची मरणाची भीती वाटते, आणि त्यांनी ती मारली."

मग अध्यक्ष म्हणाले, "पाहा! याला म्हणतात विनय!" आणि पुन्हा टाळ्या.

केक घरी आणला. खाववला नाही.

२७ फेब्रुवारी

आई सिनेमाला जाऊन आली. एकटी. मला न सांगता! शेजारणीकडून कळलं, तीनदा गेली म्हणे, लागोपाठ तीन दुपारी.

मी विचारलं नाही. भाजी चिरत होते. तीच बोलली.

"ती तू नव्हेस."

सुरी थांबली माझी.

"लोक काहीही म्हणोत. मी तुला जन्म दिलाय. पाणी दिसलं की तू वासरासारखी उधळतेस. ती बाई घाबरली होती. तिथं उभी असताना माझ्याइतकी घाबरली होती." बटाटा हातात घेऊन बसली होती, सोलत नव्हती. "आणि तरी गेली."

"हो, आई."

"कशी गेली गं?"

मग मी सांगितलं. सगळं सांगितलं. खाडीतल्या सकाळी, खांबासारखं उभं राहणं, ओहोटी, सगळं. बटाटे तसेच राहिले. आम्ही पावाला लोणी लावून खाल्लं. आईने एकच गोष्ट दोनदा विचारली, की पहिल्या दिवशी बाई किती पाण्यात उतरल्या.

१९ जून

आज आई पाण्यात उतरली. घोट्यांपर्यंत. माझ्या दंडावर तिच्या बोटांचे वळ आहेत. परतताना म्हणाली, "उद्या गुडघे."